दर गुरुवारी चौथ्या अभंगाला मॉनिटर ओरडतो: मिक्सरच्या चॅनेलची वरून खाली झडती

नाशिकच्या पंचवटीतल्या आमच्या देवळात गुरुवारच्या भजनाचं एक वेळापत्रक ठरून गेलं होतं. साडेसातला सुरुवात. पहिले दोन अभंग निर्विघ्न. तिसऱ्याला बुवा वर चढले की आवाज फाटायचा. चौथ्याला बुवांच्या पुढ्यातला मॉनिटर, म्हणजे त्यांना स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर, ‘कूंऽऽ’ करून ओरडायचा, पुढे बसलेल्या आज्या कानांवर पदर घ्यायच्या आणि सगळ्या माना मागे वळायच्या. मागे मी, खांबाला टेकून, सगळे माइक जिथे येऊन मिळतात त्या बारा चॅनेलच्या मिक्सरपुढे. एका माइकला एक चॅनेल. बुवांचा फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करायची सरकती दांडी, पार खाली ओढायचो. तरी शिट्टी चालूच!

सहा महिने हे असंच चाललं. त्या काळात मी केबल बदलली, माइक बदलला, स्पीकरच्या बॉक्सची तोंडं फिरवली, आणि दगडी सभामंडप आहे, घुमणारच, असं सगळ्यांना सांगूनही झालं. शेवटचं अर्धं खरं आहे. पण दगड पहिल्या अभंगालाही तिथेच असतो, आणि तेव्हा काही होत नाही.

मी अंबडच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. मशीन बंद पडलं की आम्ही सप्लायपासून सुरू करतो आणि एकेक टप्पा पुढे जातो. शेवटच्या टोकाच्या मोटरवर हातोडी घेऊन कोणी धावत नाही. देवळात मी नेमकं तेच करत होतो. काहीही बिघडलं की हात थेट फेडरवर. फेडर हे चॅनेलचं जवळजवळ शेवटचं टोक आहे. बिघाड होता सगळ्यात वर, पहिल्या खुंटीवर, म्हणजे गोल फिरवायच्या बटणावर. त्याचा शोध लागला तो ज्या गुरुवारी फेडर पूर्ण खाली असूनही शिट्टी वाजतेय हे मी एकदाचं मनावर घेतलं तेव्हा. आवाज फेडरमधून जातच नसेल, तर तो मॉनिटरला पोचतोय कुठून?

चॅनेलची पट्टी वरून खाली वाचायची असते. बहुतेक लहान अॅनालॉग मिक्सरवर क्रम साधारण असा: पिन लावायची सॉकेट, गेन (माइकचा आवाज वाढवणारी खुंटी), लो कट, ईक्यूच्या (जाड-बारीक आवाज कमीजास्त करायच्या) तीन-चार खुंट्या, ऑक्स म्हणजे मॉनिटर आणि इकोच्या खुंट्या, पॅन (आवाज डावीकडे-उजवीकडे न्यायला), म्यूट (चॅनेल बंद करायला), पीएफएल (फेडरच्या आधीचा आवाज तपासायला) आणि सगळ्यात खाली फेडर. आतला आवाजही थोडाफार याच क्रमाने उतरतो. नेमका क्रम कंपनीगणिक थोडा बदलतो, म्हणून मिक्सरबरोबर आलेल्या पुस्तिकेतला ब्लॉक डायग्राम, म्हणजे आवाजाच्या वाटेचा नकाशा, एकदा निवांत बसून बघा. आमची पुस्तिका देवळाच्या कपाटात पंचांगाखाली सापडली.

गेन

या एका खुंटीबद्दल मी जास्त लिहिणार आहे, कारण निम्म्याहून जास्त तक्रारी इथेच जन्मतात.

माइकमधून येणारी वीज अगदी किरकोळ असते. गाण्यासाठी सर्रास वापरला जाणारा शुअरचा एसएम ५८ घ्या. ९४ डेसिबल (डेसिबल म्हणजे आवाजाचं माप) आवाजाला तो १.८५ मिलिव्होल्ट देतो. व्यावसायिक उपकरणांची लाइन पातळी, म्हणजे ती एकमेकांना आवाज पाठवतात ती नेहमीची पातळी, असते १.२३ व्होल्ट. म्हणजे माइकचा आवाज साडेसहाशे पटींहून जास्त, सुमारे ५६ डेसिबलने, वाढवायचा. आणि ते काम एकट्या गेनचं. पुढच्या सगळ्या खुंट्या या वाढवलेल्या आवाजावर जगतात.

आता बुवांचं बघा. सात वाजता ते माइकसमोर येतात, वीतभर लांबून ‘हॅलो, हॅलो’ म्हणतात, तेही बोलण्याच्या सुरात. मी तेवढ्यावर गेन लावायचो. खुंटी घड्याळाच्या काट्यात सांगायची तर तीनवर जायची. तिसऱ्या अभंगाला बुवा रंगात येतात, ओठ जाळीला टेकतात, तार षड्ज लागतो. हॅलोच्या मानाने आवाज वीस डेसिबलने वर. वीस डेसिबल म्हणजे व्होल्टेज दहापट. मिक्सरमध्ये नेहमीच्या पातळीच्या वर मोकळी जागा असते साधारण अठरा-वीस डेसिबलची. हॅलोवरच मीटरची सुई शून्याच्या पुढे नेऊन ठेवली असेल तर ती जागा उरत नाही. आवाजाच्या लाटेचं डोकं सपाट कापलं जातं, आपण त्याला फाटला म्हणतो, आणि गेनशेजारचा लाल दिवा लुकलुकतो. तो दिवा मला अनेक महिने दिसत होता. मला वाटायचं, आवाज पोचतोय याची ती खूण.

आवाज फाटला की मी फेडर खाली घ्यायचो. नाशिककरांना हे पाण्यावरून पटकन कळेल. गंगापूर धरणातूनच गढूळ पाणी आलं तर घरचा नळ बारीक करून ते निवळत नाही. गढूळच येतं, फक्त कमी येतं. फेडर म्हणजे नळ. आवाज गेनपाशी फाटला की खाली तो फक्त लहान होऊन फाटका निघतो. फाटलेला आवाज ऐकला की हात वरच गेला पाहिजे.

मग मागच्या रांगेतून हात वर व्हायचा. ‘अहो, काही ऐकू येत नाहीये!’ साहजिक आहे, फेडर मीच खाली ओढलेला. आता मी काय करायचो? तर गेन वाढवायचो. माझ्या डोक्यात वरची खुंटी म्हणजे व्हॉल्यूम, बस. आणि इथे चौथा अभंग सुरू व्हायचा.

मॉनिटर कशामुळे ओरडत होता

ऑक्सच्या खुंट्या दोन जातींच्या असतात. एक फेडरच्या आधी आवाज उचलते, तिला प्री म्हणतात. दुसरी फेडरनंतर, ती पोस्ट. मॉनिटर प्रीवर ठेवतात आणि ते बरोबरच आहे. सभेत आवाज कमीजास्त केला म्हणून गायकाला स्वतःचा आवाज हलताना ऐकू येऊ नये. पण प्री असली तरी ती गेनच्या आधी नाही! गेन वाढवला की मॉनिटरही तेवढाच वाढतो. मी मागच्या रांगेसाठी गेन दहा डेसिबल वर न्यायचो, आणि बुवांच्या तोंडापासून तीन हातांवर असलेला मॉनिटर दहा डेसिबलने मोठा व्हायचा. मॉनिटरचा आवाज माइकमध्ये, माइकचा मॉनिटरमध्ये, ‘कूंऽऽ’. फेडर खाली ओढून उपयोग शून्य, कारण ती वाट फेडरवरून जातच नाही.

हीच परीक्षा आता मी कोणालाही सांगतो. शिट्टी आली की फेडर झटकन खाली घ्या. थांबली तर दोष सभेकडे तोंड असलेल्या बॉक्सचा. थांबली नाही तर मॉनिटरचा. त्या चॅनेलची ऑक्सची खुंटी मागे घ्या, गेनला हात लावू नका. दोन सेकंदांत निदान होतं.

म्यूटच्या बटणावर मात्र आंधळा विश्वास ठेवू नका. काही मिक्सरमध्ये म्यूट केलं की प्री-ऑक्सही बंद होतं, काहींमध्ये होत नाही. कार्यक्रमाआधी एकदा बघून ठेवा.

गेन लावायची आता आमची पद्धत अशी. चॅनेलचा फेडर खाली, ईक्यूच्या सगळ्या खुंट्या बाराच्या काट्यावर, गेन उलटा फिरवून तळाला. त्या चॅनेलचं पीएफएल बटण दाबायचं. मग मीटरवर फक्त तोच चॅनेल दिसतो, फेडर कुठे का असेना. मग बुवांना सांगायचं, ‘बुवा, हॅलो नको. शेवटच्या अभंगातली सगळ्यात चढी ओळ म्हणा, आणि माइक भजनात धरता तसाच धरा.’ पहिल्यांदा ते रागावले. गळा तापलेला नसतो, त्यांचंही बरोबर होतं. मग मी पाच मिनिटं आधी पेटीवर सूर धरून द्यायला लागलो. ओळ चालू असताना गेन हळूहळू वर न्यायचा. सरासरी पातळी मीटरच्या शून्याच्या आसपास नाचावी, टोकं शून्याच्या वर सहा-दहा जावीत, लाल दिवा एकदाही लागू नये. बऱ्याच मिक्सरवर तो दिवा आवाज प्रत्यक्ष कापला जाण्याच्या थोडा आधी लागतो, पण त्या उधारीवर जगू नका. हे जमलं की खुंटी अजून थोडी मागे, चार-सहा डेसिबल. भजनात माणसं चाचणीपेक्षा मोठ्यानेच गातात.

यानंतर पीएफएल सोडायचं, फेडर शून्याच्या खुणेवर आणायचा आणि बॉक्सचा एकूण आवाज मास्टर फेडरने ठरवायचा. फेडरच्या पट्टीवर शून्य साधारण पाऊण उंचीवर असतं. तिथे बोटभर सरकवलं तर थोडाच फरक पडतो, हाताला नाजूकपणा मिळतो. तळाशी तेवढंच सरकवलं की आवाज वीस-तीस डेसिबलने उडी मारतो. फेडर तळाला धरून गाणं चालवायची वेळ आली तर वर गेन जास्त झालाय, असं समजा.

उलट चूकही होते. फाटायच्या भीतीने गेन इतका कमी ठेवायचा की फेडर आणि मास्टर दोन्ही टोकाला न्यावे लागतात. मग दोन अभंगांच्या मधल्या शांततेत बॉक्समधून ‘हिस्स्’ ऐकू येतं. आमच्या महिला मंडळाच्या मावशींचं तसं व्हायचं. आवाज मुळात नाजूक, त्यात माइक पोटाशी धरायच्या. तोंडापासूनचं अंतर दुप्पट झालं की माइकला आवाज सहा डेसिबल कमी मिळतो. पोटाशी धरलेला माइक हनुवटीशी आणला तर गेनच्या खुंटीपेक्षा जास्त फायदा होतो, तोही फुकट. हे मावशींना डेसिबलमध्ये सांगून उपयोग नव्हता. ‘मावशी, आइस्क्रीमचा कोन धरता तसा धरा’ म्हटल्यावर लगेच जमलं.

बुवांची खोड वेगळी. रंगात आले की जाळीभोवती मूठ आवळतात. माइकची जाळी झाकली की मागून येणारा आवाज टाळायचा त्याचा गुण संपतो, तो चारही बाजूंनी ऐकू लागतो आणि मॉनिटरही ऐकतो. शिट्टीला हे खुलं आमंत्रण. स्टँडवर माइक लावला तेव्हा मूठ सुटली. मॉनिटर माइकच्या बरोबर पाठीशी ठेवा, कारण एसएम ५८ सारखा कार्डिऑइड माइक तिथे सगळ्यात बहिरा असतो.

उघडे माइक किती आहेत, तेही मोजा. माइकची संख्या दुप्पट झाली की शिट्टी येण्याआधीची मोकळीक तीन डेसिबलने घटते. एकाऐवजी आठ माइक उघडे म्हणजे नऊ डेसिबल गेले. टाळकऱ्यांपुढे आम्ही हौसेने दोन माइक लावायचो. दगडी मंडपात टाळांना माइक लागतो, हे कोणी ठरवलं, देव जाणे. ते काढले, आणि आवाज वाढवायला जागा मिळाली.

यावरून एक आजोबा मला दर आठवड्याला ऐकवतात: ‘गायक विष्णु दिगंबर पलुस्करबुवांनी नाशकात रामनाम आधार आश्रम काढला, तेव्हा कुठे होता रे तुझा मिक्सर?’ यावर माझ्याकडे उत्तर नाही.

लो कट आणि ईक्यू

लो कट हे लहानसं बटण. बहुतेक मिक्सरवर ते ८० किंवा १०० हर्ट्झच्या (हर्ट्झ म्हणजे सुराच्या उंचीचं माप) खालचा, अगदी जाड आवाज कापतं. माणसाच्या गळ्यातून तिथे कामाचं जवळजवळ काही येत नाही; येतात ते स्टँडला लागलेले पाय, फुंकर आणि शेजारच्या पखवाजाचा धुमा. गायकांच्या सगळ्या चॅनेलवर ते दाबूनच ठेवा. पखवाजाच्या डाव्या पुडीचा, कणीक लावलेल्या बाजूचा, माइक मात्र सोडून द्या, नाहीतर वादक हात झिजवेल आणि बाहेर नुसती टिचकी येईल.

मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला असते, तिथे उघड्यावर याची किंमत कळते. संध्याकाळी नदीवरून वारा सुटला की माइकमध्ये धप्प धप्प वाजतं. लो कट आणि माइकवर स्पंजची टोपी, एवढ्यावर बहुतेक काम होतं. उघड्यावर भिंती नाहीत म्हणून शिट्टीचा त्रास कमी. वाऱ्याचा मात्र जास्त.

ईक्यूबद्दल माझं मत थोडं कडवट आहे. लहान मिक्सरवर बहुधा तीन खुंट्या असतात: बेस ८० हर्ट्झच्या आसपास, मिड अडीच हजारांच्या, ट्रेबल बारा हजारांच्या, आणि प्रत्येक पंधरा डेसिबल वर किंवा खाली. शिट्टी आली की लोक ट्रेबल पार खाली करतात. भजनातली शिट्टी क्वचितच इतक्या वर असते. ती बहुतेक वेळा मधल्या भागात असते. मग मिड कापतात. शिट्टी थांबते, पण अडीच हजाराच्या आसपासच शब्दांची धार असते, ‘च’, ‘त’, ‘क’ तिथूनच कळतात. कीर्तनकार काय बोलतायत ते कोणालाच कळत नाही आणि बिचारे घसा फोडून बोलतात. कापायचं तर तीन-चार डेसिबल कापा. वाढवायची इच्छा झाली तर आधी माइकची जागा बदलून बघा.

मिडला दोन खुंट्या असतील, एक कमीजास्त करायची आणि दुसरी जागा सरकवायची, तर दगडी मंडपात एक करून बघा. पहिली पाच-सहा डेसिबल खाली घ्या आणि दुसरी तीनशे-चारशे हर्ट्झच्या आसपास हळू फिरवा. पिंपात तोंड घालून बोलल्यासारखा जो घुमारा असतो तो एका जागी अचानक पातळ होतो. आमच्याकडे तो साधारण तीनशेला सापडला.

फोनवरचं गाणं आहे, पण गायिका गायब

हा किस्सा देवळाचा नाही, आमच्या सोसायटीच्या गच्चीवरच्या कोजागिरीचा. दूध आटत होतं, पोरींचा नाच होता. गाणं फोनवरून लावायचं. मी फोनच्या छोट्या सॉकेटमधून एक केबल काढली, दुसऱ्या टोकाला मोठी स्टिरिओ पिन, ती सरळ चॅनेल पाचच्या लाइनच्या भोकात. गाणं सुरू झालं. ढोलकी आहे, मागचे व्हायोलिन आहेत, पण गायिका नाही! तिचा फक्त लांबून आल्यासारखा घुमारा. पोरी गोंधळल्या. शेजारचे काका म्हणाले, ‘कॅराओके लावलंस का रे?’

दोष फोनचा नव्हता, मिक्सरचाही नव्हता. चॅनेलचं लाइन सॉकेट संतुलित असतं. पिनच्या टोकावर आणि मधल्या कड्यावर एकच आवाज उलटसुलट यावा अशी त्याची अपेक्षा. दोन्हींतला फरक तेवढा ते पुढे पाठवतं, म्हणजे वाटेत केबलने ओढून घेतलेला कचरा वजा होतो. माइकची तीन पिनांची एक्सएलआर केबल याच युक्तीवर चालते, पहिली पिन जमीन, दुसरी सुलट, तिसरी उलट. पण फोनच्या स्टिरिओ पिनवर टोकाला डावा आवाज असतो आणि कड्यावर उजवा. मिक्सरने डाव्यातून उजवा वजा केला. गायिकेचा आवाज दोन्हींत सारखाच असतो, म्हणून ती नाहीशी झाली. कडेकडेची वाद्यं उरली.

उपाय म्हणजे वाय केबल: एका टोकाला फोनची छोटी स्टिरिओ पिन, दुसरीकडे दोन मोठ्या मोनो पिना, त्या दोन चॅनेलमध्ये किंवा मिक्सरच्या स्टिरिओ चॅनेलच्या दोन भोकांत. दोन चॅनेल वापरले तर एकाचा पॅन डावीकडे, दुसऱ्याचा उजवीकडे. फोनला गेन लागत नाही म्हटलं तरी चालेल, खुंटी तळाशी. फोनचा स्वतःचा व्हॉल्यूम मात्र वरच ठेवा, शेवटच्या एकदोन पायऱ्या सोडून. आणि फोन एअरप्लेन मोडवर टाका. नाहीतर नाचाच्या ऐन मध्यावर आत्याचा फोन येतो आणि रिंगटोन सगळ्या सोसायटीला ऐकू जाते.

घुर्रर्र आवाज

लॅपटॉप जोडला की बॉक्समधून सतत ‘घूंऽऽ’. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून हा घुमा ५० आणि १०० वर बसतो. आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. आवाज गेला तर चोर सापडला: लॅपटॉप आणि मिक्सर वेगवेगळ्या बोर्डांवरून अर्थिंग घेतायत आणि मधल्या केबलमधून गोल तयार झालाय. दोन्ही एकाच बोर्डावर आणा. तरीही राहिला तर मध्ये डीआय बॉक्स ही लहान पेटी लावा, त्यावरचं ग्राउंड लिफ्टचं, म्हणजे केबलमधली जमिनीची जोडणी तोडायचं, बटण याचसाठी असतं.

आणि कृपा करून तीन पिनांच्या प्लगची वरची जाडी पिन कापू नका, किंवा तिला प्लास्टिकची टेप गुंडाळू नका. घुमा जातो, हे खरं. पण माइकची धातूची बॉडी केबलमधून मिक्सरच्या जमिनीला जोडलेली असते, आणि आपला गाणारा माणूस नुकत्याच पुसलेल्या ओल्या फरशीवर अनवाणी उभा असतो. मिक्सरमध्ये वीज उतरली तर तिला जायला त्याच्याशिवाय वाट राहत नाही. मंडपात अशी कापलेली पिन दिसली की मी तो प्लग बाजूला काढतो आणि भांडण पत्करतो.

अठ्ठेचाळीस व्होल्टचं बटण

फँटम पॉवर, म्हणजे मिक्सरने माइकच्या केबलमधूनच पाठवलेली वीज. कंडेन्सर जातीच्या माइकला आतलं सर्किट चालवायला ती लागते. तिच्याविना तो मुका. लहान मिक्सरवर बहुधा एकच बटण सगळ्या चॅनेलना मिळून असतं. एसएम ५८ सारख्या नेहमीच्या डायनॅमिक माइकला, एक्सएलआर केबल नीट असेल तर, तिचा त्रास होत नाही. जुन्या रिबन माइकला होऊ शकतो, पण तो भजनात कोणी आणत नाही. बटण दाबताना आणि काढताना मास्टर खाली ठेवा, नाहीतर बॉक्समधून असा धडाका निघतो की आज्या खरंच उठून जातील. चालू करताना अॅम्प्लिफायर सगळ्यात शेवटी, बंद करताना सगळ्यात आधी.

‘इको टाका ना जरा’

ही फर्माईश प्रत्येक मंडळात असते. इकोची ऑक्स पोस्टवर हवी, म्हणजे फेडर खाली घेतला की इकोही खाली येतो. ती प्रीवर राहिली तर बुवा थांबले, फेडर खाली गेला, तरी त्यांचा खोकला इकोतून देवळात घुमत राहतो. दगडी मंडपात आधीच पुरेसा इको आहे. मी खुंटीला हात लावल्याचं नाटक करतो आणि बुवा म्हणतात, ‘हां, आता बरं वाटतंय.’

आवाजच येत नाही

शेवटी सगळ्यात साधी तक्रार. वरून खाली उतरा. कॉर्डलेस माइकचे सेल, हातातल्या माइकवरचं स्वतःचं बटण, पिन खरंच आत बसली का. मग पीएफएल दाबा. मीटर हललं तर आवाज मिक्सरमध्ये आलाय, गेन आणि केबल निर्दोष आहेत, अडथळा खाली आहे: म्यूट, फेडर, किंवा फेडरशेजारचं ते इवलंसं बटण जे चॅनेलला मेन (मास्टर फेडर) किंवा ग्रुपला (काही चॅनेलच्या एकत्र वाटेला) जोडतं. मीटर हललं नाही तर खाली काहीही चाचपडू नका, अडथळा वर आहे. केबल दुसऱ्या, चालू असलेल्या चॅनेलला लावून बघा. अंबडच्या कारखान्यात आम्ही नेमकं हेच करतो, सर्किट मधोमध तोडायचं आणि बिघाड कोणत्या अर्ध्यात आहे ते बघायचं. इथे तो मधला बिंदू आयता बटणाच्या रूपात दिलाय, आणि मी सहा महिने ते बटण हेडफोनचं आहे असं समजत होतो.

आता आमच्या मिक्सरवर प्रत्येक फेडरखाली कागदी चिकटपट्टी आहे, तिच्यावर पेनाने बुवा, पेटी, पखवाज डावा, पखवाज उजवा, मावशी असं लिहिलंय. गेनच्या खुंटीची जागा दाखवायला बायकोच्या लाल नेलपेंटचा एकेक ठिपका. कार्यक्रमात गेनला कोणी हात लावायचा नाही असं ठरलंय, तरी कोणी ना कोणी लावतोच. ठिपक्यामुळे निदान कळतं. मागच्या गुरुवारी चौथा अभंग शांतपणे झाला. पाचव्याला पखवाजवाला नातवाला घेऊन आला, त्या नातवाने स्वतःचा कॉलर माइक काढून पेटीवर ठेवला आणि म्हणाला, ‘काका, हा पण लावा ना.’ मी चॅनेल आठचा गेन तळाला नेला आणि पीएफएल दाबलं.